तारांकित कासवाच्या चित्रात पीसीबी, तांबं आणि प्रकाश: जोड कुठे द्यावी, कशी द्यावी?

कवचरेषा (प्रश्न)

६० × ४५ सेंमीचं तारांकित कासवाचं चित्र करायचं आहे. थोडं वरून, थोडं बाजूने दिसणारं कासव. डावीकडचं कवच सरळ ॲक्रिलिकमध्ये. उजवीकडे सरकत जाताना त्याच्या पिवळ्या रेघा तांब्याच्या होत जातात आणि कवचाच्या शेवटच्या दोन-तीन खणांत जुन्या पीसीबीचे (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डांचे) तुकडे येतात. पाठीवर एलईडी, श्वासासारखे मंदावणारे आणि उजळणारे.

नमुन्याच्या तुकड्यांवर पुढच्या गोष्टी दिसल्या. तांब्याच्या पट्टीवर ॲक्रिलिक लावलं की काठाला हिरवट डाग उमटतो. पीसीबीवरचा रंग नखाने सुटतो. एलईडी म्हणजे नुसता टोचणारा ठिपका दिसतो, आणि मंद होताना शेवटी पायऱ्या-पायऱ्यांनी विझतो. हे सगळं तांत्रिक झालं. मोठी अडचण अशी की पीसीबीचा भाग कासवाचा वाटत नाही, वरून चिकटवल्यासारखा वाटतो. कॅनव्हास घ्यावा की लाकडी फळी, हेही ठरायचं आहे.

शल्क_आणि_सांधा

शेवटच्या अडचणीपासून सुरुवात करा, कारण तिचं उत्तर मिळालं की बाकीची मांडणी बदलणार आहे. यंत्राचा भाग प्राण्याच्या शरीरात तिथेच बसतो जिथे तो शरीरातल्या एखाद्या खऱ्या रचनेची जागा घेतो. नुसतं कवचाच्या आकारात कापून ठेवलेलं सर्किट उपरंच दिसणार.

कासवाचं कवच दोन थरांचं असतं. वर केराटिनचे खण, म्हणजे आपल्या नखाच्याच द्रव्याचे. खाली हाड, आणि हे हाड बरगड्या आणि पाठीचे मणके सांधून तयार झालेलं. वरच्या खणांच्या रेषा आणि खालच्या हाडांचे सांधे एकमेकांवर येत नाहीत, ते जाणूनबुजून चुकवल्यासारखे असतात. विटांच्या बांधकामात सांध्यावर सांधा येऊ देत नाहीत, तसंच. कवचाच्या मजबुतीचं हे एक मोठं कारण आहे.

आता हे चित्रात आणा. पीसीबी खणाच्या जागी बसवू नका, खणाच्या *खाली* दाखवा. एक-दोन खण अर्धे उचकटल्यासारखे रंगवायचे, त्यांच्याखाली हाडाच्या जागी पीसीबी दिसेल, आणि पीसीबीच्या तुकड्यांचे जोड वरच्या खणांच्या रेषांपासून मुद्दाम सरकवलेले असतील. कासवाची रचना माहीत नसलेल्या माणसालाही ते पटतं, कारण डोळ्याला थर कळतात.

खणांची गणती तपासून घ्या. मधल्या कण्यावर ५, दोन्ही बाजूंना ४-४, असे मुख्य १३ खण. भोवती काठाची झालर. मानेच्या वर मधोमध जो चिमुकला खण बऱ्याच कासवांना असतो, तो तारांकित कासवाला नसतो. भलत्याच कासवाचे फोटो समोर ठेवून काम केलं की इथे हमखास घोटाळा होतो.

आणि श्वासाबद्दल. कासवाच्या बरगड्या कवचातच जखडलेल्या असल्यामुळे त्याची छाती फुगत नाही. पोटातले आणि पायांच्या मुळाशी असलेले स्नायू फुप्फुसांवरचा दाब बदलतात, त्यामुळे हालचाल दिसते ती मानेजवळ आणि पुढच्या पायांच्या खाचेतल्या मऊ कातडीत. पाठीवर उजळणारा दिवा म्हणजे चुकीच्या जागी घेतलेला श्वास. तो प्रकाश मानेच्या आणि खांद्याच्या घडीत न्या. शिवाय हा श्वास घड्याळासारखा नसतो. दोन-चार श्वास, मग लांब विसावा, मग पुन्हा दोन-चार, अशी लय ठेवा.

निसर्गाचा अंश म्हणून खऱ्या कवचाचा तुकडा वापरायचा मोह झाला तर तो टाळाच. ही जात २०१९ पासून साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. त्या यादीतल्या जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद असतो, आणि तो अवयवांनाही लागू होतो. केराटिनचा अर्धपारदर्शकपणा पारदर्शक पिवळ्या लोह ऑक्साइडच्या तीन-चार पातळ ग्लेझमधून (आरपार दिसणाऱ्या थरांमधून) उत्तम येतो.

थर_पहिला

साहित्याचं सांगतो. कॅनव्हास नको. तो हलतो, पीसीबी हलत नाही, आणि दोघांच्या सीमेवर रंगाला तडा जातो. १२ मिमी बर्च प्लाय घ्या, दोन्ही बाजूंनी जेसो (रंगाआधीचा पांढरा लेप) लावा म्हणजे बाक येणार नाही. अखंड लाकडाची फळीही टाळा, दमटपणानुसार ती आडवी फुगते आणि आकसते.

*हिरवट डाग:* ॲक्रिलिक रंग ओला असताना अल्कधर्मी असतो आणि त्यात बहुधा थोडा अमोनिया असतो. तो उघड्या तांब्याशी लगेच खेळायला लागतो. म्हणून पाण्यातला रंग आणि तांबं यांच्यामध्ये एक पडदा हवा. क्रम असा: तांबं बारीक घासणीने घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, त्यानंतर उघड्या बोटाने हात लावू नका (बोटाचा ठसा काही दिवसांत तपकिरी होऊन वर येतो), आणि ॲसिटोनमध्ये ५ ते १० टक्के विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ (पारदर्शक ॲक्रिलिक राळ) चे दोन पातळ हात द्या. ॲसिटोन ॲक्रिलिक रंग विरघळवतो, त्यामुळे हे काम रंगाच्या *आधीच* उरकायचं. नंतर दुरुस्ती करायची वेळ आली तर अगदी बारीक ब्रशने, फक्त धातूवर.

तांब्याला खरं तर तैलरंग जास्त मानवतो. सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपात तांब्याच्या पत्र्यावर तैलचित्रं काढत. थोरल्या यान ब्रूगेलची आणि ॲडम एल्सहायमरची तशी चित्रं आजही चांगल्या स्थितीत आहेत. पत्रा थोडा खरखरीत केला की तेल त्याला घट्ट धरतं. तेव्हा तांब्यावरच्या ग्लेझ तेलात आणि बाकी ॲक्रिलिकमध्ये, असंही करता येईल. फक्त तेल वर आणि ॲक्रिलिक खाली, उलटं कधीच नाही.

*पीसीबीवरचा रंग सुटणं:* वरचं हिरवं आवरण गुळगुळीत असतं आणि त्यावर बऱ्याचदा फ्लक्सचा (सोल्डर नीट धरावं म्हणून लावलेल्या द्रव्याचा) अवशेष असतो. अल्कोहोलने दोनदा धुवा, ४०० नंबरच्या वॉटर पेपरने ओलं घासून चमक मारा, मग शेलॅकवर आधारित प्राइमरचे दोन पातळ हात, आणि एक दिवस थांबा. चाचणी सोपी आहे. ब्लेडने जाळीसारख्या रेघा पाडायच्या, त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढायची. चौकोन निघाले तर प्राइमर पुन्हा.

*कापणं:* बोर्ड काचतंतू आणि इपॉक्सीचा असतो. करवतीने कोरडा कापला तर बारीक काचतंतू हवेत उडतात. दोन्ही बाजूंनी पट्टी धरून कटरने सात-आठ वेळा खोल रेघ मारा आणि टेबलाच्या कडेवर मोडा. काठ पाण्याखाली घासा. मास्क आणि हातमोजे हवेतच, कारण जुन्या बोर्डांच्या सोल्डरमध्ये शिसंही असतं. बोर्डावर गोल किंवा नळकांडी बॅटरी असेल तर आधी काढा. ती गळली की तांबं खाते, आणि ते चित्र टांगल्यावर लक्षात येतं.

*चिकटवल्यासारखं दिसणं:* वर शरीररचनेचं आलंच आहे. त्याचं दुसरं कारण कडेची सावली. नेहमीचा बोर्ड १.६ मिमी जाड असतो आणि बाजूने प्रकाश पडला की ती जाडी लगेच दिसते. राउटरने (लाकूड कोरण्याच्या यंत्राने) फळीत २ मिमी खोल खाच करा, म्हणजे डिंकाच्या थरासकट बोर्ड पृष्ठभागाला समतल बसेल. भोवती अर्धा मिमी मोकळं ठेवा आणि ती फट मोल्डिंग पेस्टने भरा. चिकटवायला सिलिकॉन घेणार असाल तर आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारा नको. तो सुकताना ॲसिटिक आम्ल सोडतो आणि तांबं काळं-हिरवं पडतं. न्यूट्रल क्युअर असं लिहिलेला घ्या.

रंगाचा प्रश्न उरतो. पीसीबीचा हिरवा कासवाच्या गेरू-काळ्या पट्ट्यात बोंबलतो. त्यावर बर्न्ट सिएनाची पातळ ग्लेझ दिली की तो शांत होतो. त्याहून चांगलं म्हणजे काही ठिकाणी हिरवं आवरण घासून तांबं उघडं पाडणं. बोर्ड निवडताना शक्यतो जुने शोधा. संगणकावर आखणी सुरू होण्यापूर्वी बोर्डावरचे तांब्याचे मार्ग हाताने, पट्ट्या चिकटवून आखत, त्यामुळे त्यांना वळणं आणि कमी-जास्त रुंदी असते. नव्या बोर्डांचे ४५ अंशांचे कोन प्राण्याच्या अंगावर फार ताठ दिसतात.

मंदप्रकाश

एलईडी चित्राच्या दर्शनी बाजूला आणूच नका. १ मिमी जाडीचा प्लास्टिक ऑप्टिकल फायबर (प्रकाश वाहून नेणारा धागा) वापरा. दिवे, रोधक, तारा सगळं मागे. पुढे दिसतं ते फक्त फायबरचं टोक, आणि ते रंगाच्या थरातून उगवल्यासारखं दिसतं. खांद्याच्या घडीसाठी १४ टोकं पुरतील.

५ मिमी एलईडीच्या तोंडाशी १ मिमीचे १९ फायबर मावतात, पण बाहेरचे फिके पडतात, कारण प्रकाश मधोमध एकवटलेला असतो. एका एलईडीला ७ फायबर ठेवा, एक मध्ये आणि सहा भोवती. म्हणजे १४ टोकांना दोन एलईडी. बांधायला श्रिंक ट्यूब (तापवल्यावर आवळणारी नळी) चालते, पण फायबर आत असताना तिला हीट गन दाखवू नका, वितळतात. साधी घट्ट नळी आणि संथ इपॉक्सी पुरे. झटपट चिकटणाऱ्या सायनोॲक्रिलेटने हा फायबर ठिसूळ होतो. वाक २५ मिमी त्रिज्येपेक्षा घट्ट नको. म्हणून चौकटीला मागे किमान ४ सेंमी खोली लागेल.

भोक १.१ मिमी, पुढून मागे पाडायचं, म्हणजे रंगाच्या बाजूला ढलप्या निघणार नाहीत. रंगवताना भोकात टाचण्या खोचून ठेवा. फायबर सर्वांत शेवटी, मागून आत, मागेच चिकटवा, पुढे उरलेलं टोक नव्या ब्लेडने पृष्ठभागाशी सपाट कापा. टोक चुरगळलं तर प्रकाश एका बाजूला जातो.

ठिपका टोचतो, कारण प्रवाह फार असतो. ५ व्होल्टवर उबदार पांढऱ्या एलईडीला (सुमारे ३ व्होल्ट) ६८० ओहम लावला की साधारण ३ मिलिअँप जातात. चित्रासाठी तेवढे भरपूर आहेत. पिवळट-नारिंगी एलईडी सुमारे २ व्होल्टचा, त्याला १ किलोओहम.

विझताना दिसणाऱ्या पायऱ्यांचं कारण असं की डोळा तेज सरळ रेषेत मोजत नाही. अंधारातला छोटा बदल त्याला मोठा दिसतो. म्हणून तेजाला २.२ घाताचा वक्र लावतात. पण ८ बिटांच्या पीडब्ल्यूएममध्ये (दिवा झपाट्याने चालू-बंद करून तेज ठरवण्याच्या रीतीत) त्या वक्राचं खालचं टोक सापडतच नाही. ५ टक्के तेजाला २५५ पैकी जेमतेम ०.३५ येतं, म्हणजे शून्य, आणि १० टक्क्यांना दीड-दोन. दिवा तिथे तुटून विझतो. अर्डुइनो उनो या छोट्या नियंत्रक बोर्डावर ९ आणि १० क्रमांकाच्या पिनांमागचा टाइमर १६ बिटांचा आहे. तो १० बिटांवर चालवा. १०२४ पायऱ्या मिळतात आणि १६ मेगाहर्ट्झवर, विभाजक न लावता, वारंवारता सुमारे १५.६ किलोहर्ट्झ राहते. नेहमीचं ॲनालॉगराइट फंक्शन इथे उपयोगाचं नाही, किंमत थेट टाइमरच्या रजिस्टरमध्ये लिहावी लागते. त्यात एक खोच आहे. फास्ट पीडब्ल्यूएममध्ये शून्य लिहिलं तरी चिपच्या घड्याळाच्या एका ठोक्याएवढी विजेची बारीक टोचणी बाहेर पडत राहते आणि अंधाऱ्या खोलीत फायबर अगदी पुसट पेटलेला दिसतो. विसाव्याच्या वेळी टाइमरचं आउटपुट पिनेपासून तोडा आणि पिन सरळ शून्यावर ठेवा.

श्वासाचा आलेख साधा साइन घेऊ नका, त्यात उजेड आणि अंधार सारखेच रेंगाळतात. वर सांगितलेल्या लयीप्रमाणे: चढ दीड सेकंद, उतार अडीच सेकंद, असे तीन श्वास, मग १५ ते ४० सेकंदांमधला कोणताही विसावा, दर वेळी वेगळा.

कवचरेषा

थर खाली दाखवण्याची कल्पना पूर्ण पटली, आणि श्वास खांद्याकडे नेतो आहे. दोन प्रश्न राहिले. पिवळ्या रेघांची जागा तांबं घेतं, तिथे ६ मिमीची तयार पट्टी फार यांत्रिक दिसते. दुसरं, तांब्याऐवजी कार्बनचा विद्युतवाहक रंग ब्रशने लावून त्यातूनच एलईडीला वीज देता येईल का?

काठावरची_पेशी

रेघांचं उत्तर कवचाच्या वाढीत आहे. प्रत्येक खणाच्या मधोमध जो पिवळा ठिपका असतो तो त्या खणाचा सर्वांत जुना भाग. नवं केराटिन कडेला जमत जातं. कडेच्या ज्या जागी रंगद्रव्य काळं बनत नाही, तिथे पिवळं उमटतं, आणि कडा बाहेर सरकत गेली की त्या बिंदूची रेघ होते. म्हणजे रेघ हा आलेखच आहे, मध्यापासूनचं अंतर म्हणजे काळ. शंखावरची नक्षीही याच रीतीने, काठावर तयार होत जाते.

म्हणून पट्टी समान रुंदीची नको. मध्याकडे १ मिमी आणि कडेला अडीच-तीन मिमी, अशी निमुळती कापा. रुंद तांब्याची चिकटपट्टी काचेवर लावून स्टीलच्या पट्टीने कापली तर काठ स्वच्छ निघतो. वाढीची वर्तुळं रेघेला आडवी जातात, तिथे बोथट सुईने तांब्यावर हलकी खाच उठवा. रेघ लगेच कवचाची वाटायला लागते. एवढं एकच करायला वेळ असेल तर हेच करा.

तंत्रज्ञान फक्त साहित्यात न ठेवता आखणीतही आणायचं असेल तर संगणकावर ही वाढ चालवता येते. खणाच्या कडेला एका ओळीत चौकटी कल्पा, प्रत्येक पिवळी किंवा काळी. प्रत्येक पायरीला ओळ थोडी लांबते आणि चौकट शेजारच्यांकडे बघून आपला रंग ठरवते. नियम असा ठेवा की पिवळी चौकट बहुतेक वेळा पिवळीच राहील आणि फार रुंद झाली की मध्ये काळी फूट पडेल. त्यातून फाटे फुटलेल्या रेघा मिळतात. भारतीय तारांकित कासवाच्या रेघा ब्रह्मदेशी जातीपेक्षा जास्त आणि बारीक असतात, तेव्हा सुरुवातीच्या पिवळ्या चौकटींची संख्या फोटो पाहून ठरवा.

बिबट्या किंवा मासा असता तर वेगळी रीत. ॲलन ट्युरिंगने १९५२ मध्ये दाखवलं की दोन रसायनं वेगवेगळ्या वेगाने पसरत एकमेकांशी अभिक्रिया करत असतील तर आपोआप ठिपके-पट्टे उमटू शकतात. त्या घराण्यातलं ग्रे-स्कॉट प्रारूप घरच्या संगणकावर चालतं. दोन रसायनांचा पसरण्याचा वेग १.० आणि ०.५ ठेवून पुरवठा ०.०३६७ आणि ऱ्हास ०.०६४९ दिला की ठिपके पेशींसारखे विभागत पसरतात. ०.०५५ आणि ०.०६२ दिलं की प्रवाळासारखी वळणं येतात.

फळीवर उतरवायला लेझर प्रिंट घ्या, आरशातल्यासारखा उलटा. जेसोवर ॲक्रिलिक जेल मीडियम, त्यावर प्रिंट पालथा, रोलरने हवा काढून एक दिवस सुकू द्या, मग ओल्या स्पंजने कागद चोळून काढा. इंकजेटची शाई पाण्याने फुटते, म्हणून टोनरच हवा. कागदाचे उरलेले तंतू सुकल्यावर पांढुरके दिसतात. त्यावर मीडियमचा एक हात दिला की ते पारदर्शक होतात.

रेघ_आधी

माझं मत थोडं वेगळं आहे. खरा पीसीबी आणि रंगवलेलं कवच शेजारी ठेवले की नजर पहिल्यांदा खऱ्या वस्तूकडेच जाते आणि रंगकाम तिची चौकट होऊन बसतं. पीसीबीचा एकच तुकडा खरा ठेवा, तोही उचकटलेल्या खणाखाली अर्धा झाकलेला. बाकीचे मार्ग, पॅड (सोल्डर लावायच्या तांब्याच्या चकत्या), सोल्डरचे थेंब रंगवा. सोल्डरचा थेंब रंगवणं म्हणजे करडा गोळा, एका बाजूला तीक्ष्ण उजेड, आणि खालच्या काठावर तांब्याचं नारिंगी प्रतिबिंब. ते प्रतिबिंब विसरलं की मोती दिसतो. खरं कुठे संपलं आणि रंगवलेलं कुठे सुरू झालं हे जवळ येईपर्यंत कळू नये, इतकी सीमा सांभाळा. कवचाचा काळाही नळीतला सरळ काळा नको. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीनचा मिसळलेला काळा उबेकडे झुकवा, आणि पीसीबीजवळ येताना तो थंड करत न्या. दोन भाग जोडण्यासाठी हा उतार तांब्याच्या रेघांइतकाच उपयोगी आहे.

मंदप्रकाश

कार्बन रंगाबद्दल. गणित करून बघा. अशा एका प्रसिद्ध रंगाचा रोध ५० मायक्रॉन थराला चौकोनामागे ५५ ओहम आहे (रेघेच्या रुंदीइतक्या लांबीचा तुकडा म्हणजे एक चौकोन). ५ मिमी रुंद आणि ३०० मिमी लांब रेघ म्हणजे ६० चौकोन, ३३०० ओहम. ५ व्होल्टवर २ व्होल्टचा एलईडी लावला तर ०.९ मिलिअँप. पेटेल, पण फिका, आणि ब्रशचा थर कमी-जास्त असल्यामुळे प्रत्येक रेघेला वेगळा. त्यात हा रंग पाण्यात विरघळणारा, वरून ॲक्रिलिक फिरवलं की पसरतो. वीज मागच्या तारांनीच न्या आणि कार्बन रंग फक्त रेघ म्हणून वापरा.

तांब्यातून वीज न्यायचीच असेल तर लक्षात ठेवा, पट्टीचा डिंक बहुधा वीज वाहत नाही. एकावर एक पट्टी दाबून जोड होत नाही, सोल्डर करावाच लागतो. टोक ३२० ते ३५० अंश सेल्सिअस, स्पर्श दोन सेकंद. जास्त थांबलात तर डिंक वितळून पट्टी उचलते. नळकामाचा आम्लयुक्त फ्लक्स अजिबात नको, रोझिनचाच घ्या आणि नंतर अल्कोहोलने पुसा.

वीज ५ व्होल्टच्या ॲडॉप्टरवरून, मार्गात आपोआप पूर्ववत होणारा छोटा फ्यूज. बंद चौकटीत लिथियम आयन बॅटरी ठेवू नका. नाण्यासारखी सीआर-२०३२ सुमारे २२० मिलिअँप-तासांची असते. २ मिलिअँपवर कागदोपत्री ११० तास, प्रत्यक्षात त्याहून कमी, आणि पांढऱ्या एलईडीला ती लवकरच अपुरी पडते.

थर_पहिला

कामाचा क्रम एकदा जुळवून घ्या: जेसो, आखणी, खाच, पीसीबी, तांबं, सोल्डर, सफाई, पॅरालॉइड, भोकं आणि टाचण्या, ॲक्रिलिक, हवं तिथे तेल, वार्निश, आणि मग फायबर. वार्निश फायबरच्या आधीच, कारण त्यातले सॉल्व्हेंट फायबरच्या टोकावर धुके आणू शकतात. तैलरंगाचा भाग पातळ असला तरी अंतिम वार्निशला सहा महिने थांबायचा प्रघात आहे. घाई असेल तर तेल टाळून ॲक्रिलिक ग्लेझवरच राहा. सरसकट मॅट वार्निश फिरवू नका. त्याने तांब्याची झळाळी जाते आणि काळ्यावर राखेसारखी झाक येते. कवचाला सॅटिन, कातडीला मॅट, तांब्याला काहीच नाही, त्याला खालचं पॅरालॉइड पुरेसं आहे. मागचं झाकण खिळ्यांनी नाही, स्क्रूने बसवा, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला जोडणीचा आराखडा, रोधकांच्या किमती आणि वापरलेल्या वार्निशचं नाव लिहून चिकटवा. पुढे कोणी चित्र दुरुस्त करायला घेतलं तर त्याला कोणतं द्रावण कुठे चालेल हे तिथूनच कळेल.